तोफा, नांगर आणि ‘किर्लोस्कर खबर’

#म #इतिहास #थ्रेड

१/
पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी लोखंडाची आवक आटली. तेव्हा कोल्हापूरच्या राजर्षी शाहू छत्रपतींनी संस्थानातील जुन्या तोफा एका कारखानदाराला दिल्या. त्या वितळवून त्यांचे नांगर झाले. मात्र तो लोखंडी नांगर शेतकऱ्याने का घ्यावा, हे त्याला पटवणे तोफा वितळवण्याहून अवघड होते. त्या पटवण्याची ही कथा.

२/
कारखानदाराचे नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग नीट ओळखता येईनात. मग ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले.

३/
मुंबईत असताना ते सायकली विकत घेऊन बेळगावला थोरल्या बंधूंकडे, रामूअण्णांकडे, पाठवीत. रामूअण्णा त्या विकत आणि चालवायलाही शिकवीत. ज्या गावात सायकल चालवता येणारी माणसे विरळा, तेथे सायकलीला गिऱ्हाईक कोठून मिळणार? वस्तू विकण्याआधी ती वापरण्याची विद्या द्यावी लागते, हा धडा या घराण्याने येथेच गिरवला.

४/
विसाव्या शतकाच्या आरंभी किर्लोस्कर बंधूंनी कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. नांगर चांगला होता, पण कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

५/
येथे क्षणभर थांबू. शेतकऱ्याला नांगराची माहिती नव्हती, ही खरी अडचण नव्हती. त्याचा विश्वास नव्हता, ही अडचण होती. माहितीची उणीव एका जाहिरातीने भरून निघते. अविश्वास तसा जात नाही. ज्याची वर्षाची भाकरी एका पेरणीवर अवलंबून आहे, त्याने अनोळखी अवजार नाकारले तर त्याला अडाणी म्हणणे अन्यायाचे ठरेल. चूक झाली, तर उपाशी त्यालाच राहायचे होते.

६/
त्यातच बेळगाव नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा हवी झाली. लक्ष्मणरावांना तेथून उठावे लागले. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी त्या निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. हे ठिकाण आज सांगली जिल्ह्यात आहे.

७/
आता कारखाना आडगावी आणि गिऱ्हाईक गावोगावी विखुरलेले. नांगर, चरक, कडबा कापण्याचे यंत्र ही काही रोज घ्यायची वस्तू नव्हे. एकदा घेतली की वर्षानुवर्षे चालायची. मग दोन खरेद्यांच्या मधल्या काळात गिऱ्हाइकाच्या मनात आपले स्थान टिकवायचे कसे?

८/
या प्रश्नाला परदेशात एक उत्तर सापडले होते. नांगरांसाठीच प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’, म्हणजे ‘तास’, नावाचे शेतकऱ्यांसाठीचे नियतकालिक सुरू केले. ते आजही निघते. फोर्ड कंपनीचे ‘फोर्ड टाइम्स’ १९०८ मध्ये सुरू झाले. मालाची स्तुती थोडी आणि वाचकाच्या उपयोगाचे पुष्कळ, ही त्यांची रीत.

९/
जानेवारी १९२० मध्ये किर्लोस्करवाडीच्या माळावरून मराठीत असेच एक पत्र निघाले : ‘किर्लोस्कर खबर’. कर्ते होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजेच ‘शंवाकि’. ते पेशाने चित्रकार, पंडित सातवळेकरांकडे कला शिकलेले. कारखान्याच्या जाहिरातीचे काम त्यांच्याकडे होते.

१०/
नावातच हेतू उघड होता. कारखान्याची खबर, अवजारांची माहिती, ती वापरणाऱ्यांशी संवाद. परंतु शंवाकिंनी लवकरच ओळखले की केवळ स्वतःविषयी बोलणारे पत्र कोणी दुसऱ्यांदा उघडत नाही. मग उद्योग, स्वावलंबन, विज्ञान, आरोग्य, समाजसुधारणा असे विषय त्यात आले. मालाचे सूचीपत्र पाहून बाजूला ठेवले जाते. मासिकाची वाट पाहिली जाते.

११/
त्याच महिन्यात, ३१ जानेवारी १९२० रोजी, मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले. त्यासाठी शाहू छत्रपतींनी अडीच हजार रुपये दिले होते. ‘मूकनायक’ची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊ केले असतानाही छापली नाही.

१२/
दोन्ही पत्रांची तुलना करताना विवेक हवा. एक व्यवसायाचे, दुसरे माणुसकीच्या हक्काचे. त्यांच्या पणाला लागलेल्या गोष्टी समान नव्हत्या. तरी एक गोष्ट दोन्हींतून स्पष्ट होते. दुसऱ्याच्या पानावर आपल्याला जागा मिळेल की नाही, हे त्या पानाचा मालक ठरवतो. स्वतःचे पान असणे म्हणजे बोलण्यासाठी कोणाची परवानगी न लागणे.

१३/
‘खबर’चे पुढे काय झाले? दशकभरात नावातील ‘खबर’ गळून केवळ ‘किर्लोस्कर’ उरले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे जन्मली. नांगराच्या जाहिरातीसाठी लावलेल्या रोपाचा मराठी मध्यमवर्गाच्या विचारांना वळण देणारा वृक्ष झाला. ज्या घरांत नांगर कधी गेला नसेल, त्या घरांतही हे मासिक जात असे.

१४/
या पत्रांनी रूढींवर परखड लेखन छापले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा आग्रह धरणारे निबंध ‘किर्लोस्कर’मधून आले. ‘गिऱ्हाईक दुखावेल’ म्हणून गप्प बसणे व्यापाऱ्याला सोपे होते. तसे न केल्यामुळेच वाचकाला वाटले असावे, की हे पत्र आपल्याला काही विकण्यापुरतेच बोलत नाही. विश्वास असाच मिळतो.

१५/
मात्र या कथेचा भाबडा अर्थ काढू नये. मासिकामुळे नांगर खपला, असे म्हणणे अर्धसत्य आहे. नांगर पहिल्याच नांगरटीत मोडला असता, तर शंभर अंकांनीही तो वाचवला नसता. शिवाय किर्लोस्करांपाशी भांडवल होते, शिकलेला पुतण्या होता, संस्थानिकांचा आधार होता. त्या काळच्या बहुसंख्य कारागिरांपाशी यांतले काहीच नव्हते.

१६/
कोल्हापुरी चपलेचेच पाहा. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे, खिळा न ठोकता चामड्याच्या वादीने घातलेली शिवण. हे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेले, पण त्याची खबर सांगणारे पान कारागिराच्या हाती कधी आले नाही. चपलेला गावाचे नाव मिळाले. शिवणारा अनामिकच राहिला.

१७/
२०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये मिलानच्या एका प्रदर्शनात प्राडा कंपनीने तशाच धाटणीच्या चपला मांडल्या, कोल्हापूरचे नाव न घेता. समाजमाध्यमांवर टीकेची झोड उठली आणि भारतीय परंपरेची प्रेरणा कंपनीला मान्य करावी लागली.

१८/
१९२० मध्ये स्वतःचे पान काढायचे तर छापखाना, कागद आणि टपाल यांचा खर्च पेलावा लागे. आज ते पान कोल्हापुरातल्या चपलेच्या दुकानदाराच्या खिशात आहे. (अर्थात हे पानही पुरते आपले नाही, त्याचा मालक दूरदेशी बसून ठरवतो, की कोणाचे कोणाला दिसावे.) बहुतेक जण त्यावर वस्तूचा फोटो आणि किंमत टाकतात. शंवाकि असते तर त्यांनी कदाचित कातडे कसे कमावतात, खरी-खोटी शिवण कशी ओळखावी, पावसाळ्यात चप्पल कशी जपावी, हे आधी सांगितले असते.

१९/
तोफांचा नांगर झाला, तो भट्टीत. नांगरावर विश्वास बसला, तो शेतात आणि हळूहळू कागदावर. वस्तू घडवणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत तिची हकीकत सांगणे, ही प्रथा आपल्या मातीत शंभर वर्षांहून जुनी आहे. तुमच्या गावात अशी एखादी हकीकत सांगायची राहिली असेल, तर ती खाली जरूर लिहा. 🙏

(समाप्त)