नाचती रोषणाई

विजेच्या दिव्यांनी सजलेला पहिला नाताळवृक्ष न्यू यॉर्कमधील एका घरात १८८२ साली उभा राहिला. थॉमस एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने त्यावर लाल, पांढरे व निळे असे ८० दिवे लावले आणि झाड विजेच्या साहाय्याने स्वतःभोवती फिरते ठेवले. झाड फिरे तसे दिवे विझत, पुन्हा लागत. म्हणजे घरगुती रोषणाई जन्मतःच हलती होती, असे म्हणावयास हरकत नाही.

हा छंद जगभर पोहोचला तो मात्र ओहायो राज्यातील मेसन येथील विद्युत अभियंता कार्सन विल्यम्स यांच्यामुळे. २००४ साली त्यांनी आपल्या घरावरील सुमारे १६,००० दिवे ट्रान्स-सायबेरियन ऑर्केस्ट्राच्या संगीतावर नाचविले. त्याचे चित्रण पुढल्या वर्षी इंटरनेटवर पसरले. त्यांच्या रचनेत ८८ चॅनेल होते.

दिव्यांच्या ज्या गटाला इतरांपासून स्वतंत्रपणे लावता, विझवता अथवा मंद करता येते, तो एक चॅनेल. जुन्या पद्धतीत प्रत्येक चॅनेलमागे ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. विजेच्या प्रत्येक अर्धलहरीत तो जितका उशिरा उघडेल, तितका दिवा मंद. आजच्या पिक्सेल माळेत प्रत्येक दिव्याला स्वतःची चिप असून लाल, हिरवा व निळा असे तीन चॅनेल एकट्या दिव्यालाच लागतात. पन्नास दिव्यांची एक माळ म्हणजे १५० चॅनेल. विल्यम्स यांच्या संपूर्ण घराहून अधिक!

खरे कष्ट संगणकापुढे असतात. एक्सलाइट्स किंवा व्हिक्सन यांसारख्या मोफत प्रणालींत गाण्याचे, उदाहरणार्थ, एका सेकंदाचे २० तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात कोणता दिवा किती उजळावा हे ठरवावे लागते. मिनिटभराच्या संगीतासाठी कित्येक तास सहज खर्ची पडतात. नवशिके बहुधा सगळेच दिवे सतत पेटते ठेवतात आणि मग कोणतीच हालचाल नजरेत भरत नाही.

पिक्सेल माळा ५ किंवा १२ व्होल्टवर चालतात. लांब माळेत टोकापर्यंत जाताना व्होल्टेज घटते. पांढरा रंग दिला असता टोकाचे दिवे लालसर दिसू लागतात. अशा वेळी मध्ये वा टोकाशी वीज पुन्हा जोडून द्यावी लागते. कमी व्होल्टेज म्हणून गाफील राहणे मात्र घातक, कारण त्यांना वीज पुरविणारा संच घराच्या मुख्य पुरवठ्यावरच असतो. उघड्यावरील जोडण्या जमिनीपासून वर, पाण्यापासून सुरक्षित ठेवाव्यात. गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण (आपल्याकडील आरसीसीबी) बसविल्याशिवाय हा उद्योग करूच नये. अमेरिकेत घरगुती पुरवठा १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३० चा. तेव्हा तिकडून आणलेली साधी माळ गणपतीच्या आराशीत थेट जोडण्याचा मोह टाळलेला बरा.

राहता राहिला आवाज. शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून विल्यम्स यांनी संगीत कमी शक्तीच्या एफएम प्रक्षेपकावरून दिले होते. प्रेक्षक आपापल्या मोटारीतील रेडिओवर ते ऐकत. आवाजाचा प्रश्न सुटला, गर्दीचा सुटला नाही. डिसेंबर २००५ मध्ये जवळच झालेल्या एका अपघाताच्या ठिकाणी मोटारींच्या रांगांमुळे पोलिसांना पोहोचता आले नाही आणि विल्यम्स यांनी घरावरील खेळ बंद केला.