अद्भुतसृष्टीचे परिमाण

कथानकाच्या परिमाणाचा विचार करताना ॲरिस्टॉटलने हजार मैल लांबीच्या प्राण्याचे उदाहरण दिले आहे. असा प्राणी एका दृष्टिक्षेपात मावणार नाही, आणि म्हणून तो सुंदरही ठरणार नाही, असे त्याचे म्हणणे. कलाकृती मोठी असावी; मात्र तिची समग्रता स्मृतीच्या कक्षेबाहेर जाऊ नये. अद्भुतरम्य कथेवर उभारलेल्या भूमिकाप्रधान व्हिडिओ गेमच्या इतिहासात हाच प्रश्न निराळ्या वेषात पुनश्च उपस्थित झालेला आढळतो. येथे परिमाण दुहेरी आहे: एक, कल्पित जगाचे क्षेत्रफळ, दुसरे, ते पार करण्यास खेळाडूला द्यावे लागणारे तास. जाहिरातींत ही दोन्ही मापे गुण म्हणून मिरविली जातात, आणि एक वाढले की दुसरेही वाढते असे गृहीत धरले जाते. इतिहासाची साक्ष मात्र तशी नाही.

रिचर्ड गॅरियट यांच्या १९८१ सालच्या ‘अल्टिमा’त जग दोन प्रमाणांवर रेखाटलेले होते. विस्तृत नकाशावर नगर म्हणजे केवळ एक चिन्ह. त्यावर पाऊल टाकले की त्या नगराचा स्वतंत्र नकाशा उघडे. पुराणकार ‘बारा वर्षे लोटली’ असे सांगून पुढच्या प्रसंगाकडे वळतो, त्या जातीचीच ही संक्षेपाची सोय होती. भूमी अल्प असूनही देश विशाल भासे, कारण उरलेले अंतर खेळाडूची कल्पना भरून काढी.

‘अल्टिमा’पासून प्रेरणा घेतलेला युजी होरी यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ १९८६ मध्ये जपानात निघाला. तो सबंध खेळ ६४ किलोबाइटांच्या कार्ट्रिजमध्ये बसविलेला होता. राजाच्या गढीतून बाहेर पडताच पाण्यापलीकडे शत्रूचा दुर्ग दिसतो. दोहोंतले अंतर मोजक्या पावलांचे. तरीही तेथे पोहोचण्यास कित्येक तास लागतात. वाट सर्व देशाला वळसा घालून जाते, पूल ओलांडला की अधिक बलाढ्य राक्षस भेटतात, आणि त्यांच्याशी झुंजण्याचे सामर्थ्य पुनःपुन्हा लढूनच मिळवावे लागते. खेळाची दीर्घता येथे भूमीतून नव्हे, नायकाच्या दुबळेपणातून निर्माण झाली. ध्येय आरंभापासून दृष्टीसमोर असल्यामुळे त्या प्रवासाला एकात्मता लाभली, हे या रचनेचे यश होय. परंतु कार्ट्रिजमध्ये जे मावले नाही त्याची भरपाई खेळाडूच्या वेळातून केली गेली, हेही नाकारता येणार नाही.

१९९० च्या ‘अल्टिमा ६’ मध्ये दुहेरी प्रमाण मोडीत निघाले; अरण्य आणि अंगण एकाच मापाने दिसू लागले. जग अखंड झाले, पण संक्षेपाचा अधिकार गेला. यापुढे कोसभर वाट दाखवावयाची तर ती कोसभर घडविणे प्राप्त झाले. या अडचणीवरचा सर्वांत धाडसी तोडगा म्हणजे अमेरिकेतील बेथेस्डा सॉफ्टवर्क्सचा १९९६ मधील ‘डॅगरफॉल’. त्याच्या भूमीचे क्षेत्रफळ सुमारे १,६०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून किंचित अधिक, सांगितले जाते. त्यात १५,००० च्या वर गावे, देवळे आणि भुयारे आहेत. इतके काम माणसाच्या हातून होणे शक्य नव्हते. बहुतेक सारे संगणकाने ठरावीक तुकडे नियमांनुसार जुळवून रचले. परिणामी एका गावाची मुद्रा दुसऱ्याहून वेगळी राहिली नाही, आणि वाट चालण्याऐवजी नकाशावर बोट ठेवून मुक्कामी पोहोचणे हाच खेळाडूंचा परिपाठ झाला. ॲरिस्टॉटलचा तो प्राणी येथे साक्षात अवतरला असे म्हणावे लागेल. तथापि या विराटपणालाही एक रस आहे. हे जग नायकासाठी निर्माण झालेले नाही, तो नसता तरी ते असेच असते, ही जाणीव ‘डॅगरफॉल’ने जितकी दिली तितकी फार थोड्या खेळांनी दिली असेल.

त्याच संस्थेने २००२ मध्ये ‘मॉरोविंड’ प्रसिद्ध केला, तेव्हा क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस किलोमीटरांवर आले. सहा हजार पटींहून अधिक असा हा संकोच होय. परंतु या बेटावरील टेकडी, थडगे, ओढ्याकाठची झोपडी ही माणसांनी एकेक करून मांडलेली होती. मधोमध ज्वालामुखीचा पर्वत असल्याने सरळ मार्ग नाही. धुक्यामुळे दूरचे दिसत नाही. नायकाची चाल मंद आहे. जावयाचे स्थळ बाणाने दाखविलेले नसते. कोणी वाटाड्या पूल, खडक, डावे वळण अशा खुणा सांगतो आणि त्या ध्यानात ठेवाव्या लागतात. अशा रीतीने स्थळाला नाव, नावाला आठवण चिकटली. धुके दूर करून पाहिले तर बेट लहान आहे हे तत्काळ कळते. पण पायी चालणाऱ्याला ते प्रचंडच वाटते.

पुढे २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’ने भूमी वाढविली, पण होकायंत्रावर लक्ष्याची खूण आणली आणि नगरांपर्यंत तत्काळ प्रवासाची मोकळीक दिली. २०११ च्या ‘स्कायरिम’मध्ये हाताने घडविलेल्या देशात संगणक तीच ती कामगिरी नवे स्थळ घालून अखंड देत राहतो. ‘डॅगरफॉल’मध्ये जी निःसीमता अवकाशात होती, तिने येथे काळात प्रवेश केला.

या स्थित्यंतरातून एक निष्कर्ष निघतो. अवकाशातील रितेपणा खेळाडू नकाशावरून ओलांडू शकतो. काळातील रितेपणा ओलांडता येत नाही, तो त्याच्या आयुष्यातून वजा होतो. म्हणून या कलाप्रकाराची चिकित्सा करताना ‘जग किती मोठे’ याहून ‘घेतलेल्या तासांपैकी किती स्मृतीत राहिले’ हा प्रश्न अधिक न्याय्य ठरतो. शंभर तासांचा खेळ त्या कसोटीला उतरू शकतो, दहा तासांचा नापासही होऊ शकतो. क्षेत्रफळाच्या आकड्यांतून यांपैकी काहीच कळत नाही.