कैगाचा घुमट आणि जाडीचा हिशोब

अणशीचा घाट उतरून कारवारकडे निघालं की पायथ्याशी कद्र्याचं धरण लागतं. याच धरणाच्या जलाशयावर कैगाचं अणुवीजकेंद्र उभं आहे. त्याच काळी नदीवरचं सुपा धरण 1987 मध्ये पुरं झालं, जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. त्याच वर्षी अणशीचं रान राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं. कैगाला विरोध म्हणून 1989 साली थेट कन्नड लेखक शिवराम कारंत लोकसभेला उभे राहिले आणि पडले. काळी नदीच्या खोऱ्याचा हा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. कैगाच्या घुमटाचा इतिहास मात्र इंजिनिअर मंडळींबाहेर फारसा कुणी सांगत नाही.

13 मे 1994. पहिल्या अणुभट्टीचं बांधकाम चालू होतं. भट्टीवरच्या आतल्या घुमटाचा खालचा थर जाडीतून सुटला आणि सुमारे 130 टन काँक्रीट खाली आलं. खाली काम करणारे मजूर जखमी झाले. भट्टीत अजून इंधन भरलेलं नव्हतं, म्हणून किरणोत्साराचा प्रश्न आला नाही.

असं का व्हावं? काँक्रीट दाबाला दणकट आणि ताणाला कच्चं. म्हणून अशा घुमटाच्या जाडीत नळ्या ठेवतात, त्यांतून पोलादी केबली ओवतात, जॅक लावून ताणतात आणि टोकं पक्की अडकवतात. ताणलेल्या केबलीने काँक्रीट आवळलं जातं. पण केबल घुमटाच्या वळणाने वाकलेली असते. ताण बसला की ती सरळ व्हायला बघते आणि घुमटाला आतल्या बाजूला ओढते. वरचा थर कडेने दाबला गेल्यामुळे बाहेर उचलला जाऊ पाहतो. केबलीच्या पातळीवर दोन्ही थर एकमेकांपासून ओढले जातात, आणि हा ओढा पेलायला जाडीच्या दिशेने सळया पुरेशा नसतील तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा थर सुटतो.

संगणकाची गोष्ट इथे येते. पातळ कवचाच्या नेहमीच्या गणितात घुमटाचे छोटे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यातले ताण पृष्ठभागाच्या दिशेने काढतात. जाडीच्या दिशेचा ताण शून्य धरूनच हे गणित चालतं. ते चुकीचं नाही, अपुरं आहे. जाडीतला ओढा वेगळा काढावा लागतो, किंवा घुमट घन ठोकळ्यांनी मांडावा लागतो. फ्लोरिडातल्या टर्की पॉइंटला 1970 मध्ये आणि क्रिस्टल रिव्हरला 1976 मध्ये घुमटाचे थर असेच सुटले होते. म्हणजे धोक्याची वर्दी कैगाच्या अठरा ते चोवीस वर्षं आधीच मिळालेली होती. ती इथवर वेळेत पोचली नाही, याचं वाईट वाटतं.

चौकशी झाली, आराखडा बदलला. जाडीच्या दिशेने सळया आल्या आणि सिलिका फ्यूम, म्हणजे सिलिकाची अतिबारीक पूड, घातलेलं एम-60 प्रतीचं घट्ट, दणकट काँक्रीट आलं. राजस्थानच्या रावतभाट्यातल्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीचे घुमटही याच धड्यावरून नव्याने आखले गेले.

आता उष्णतेचं. भट्टीतून निघणारं जड पाणी सुमारे 293 अंश सेल्सिअसचं असतं, प्रचंड दाबाखाली असल्यामुळे उकळत नाही. नळी फुटली तर त्याची क्षणात वाफ होते, आणि ती कोंडून धरणं हेच घुमटाचं काम. आतला पृष्ठभाग तापतो, बाहेरचा थंड राहतो. आतलं काँक्रीट फुगू पाहतं आणि बाहेरच्या थराला ताण बसतो. काँक्रीट हा मिश्र पदार्थ: खडी, वाळू, सिमेंटचा लगदा. पोलाद आणि काँक्रीट उष्णतेने जवळपास सारखंच प्रसरण पावतात, या निसर्गाच्या कृपेवरच सगळा आरसीसीचा धंदा उभा आहे. खडी आणि लगदा मात्र सारखे फुगत नाहीत. शंभर अंशांपुढे अडकलेलं पाणी वाफ होऊन वाट शोधतं, आणि 573 अंशांना खडीतला क्वार्ट्‌झ आपली स्फटिकरचना बदलून फुगतो. एम-60 सारख्या घट्ट काँक्रीटमध्ये वाफेला वाट मिळत नाही, म्हणून मोठ्या आगीत त्याचे टवके उडण्याचा धोका साध्या काँक्रीटहून जास्त. ताकद वाढवली की काळजीही वाढते, ती अशी.

आज बोरॉन नायट्राइडचे पापुद्रे मिसळून नवे मिश्र पदार्थ करणारे संशोधक संगणकावर असमान फुगण्याचा हाच प्रश्न सोडवत असतात. षट्कोनी रचनेचं बोरॉन नायट्राइड तापलं की पापुद्र्याच्या पातळीत किंचित आकसतं आणि जाडीत मात्र चांगलंच फुगतं. तिथेही जाडी विसरून चालत नाही.

कागदावरचं आणि संगणकावरचं गणित पडताळायला प्रत्यक्ष वस्तू लागते. भाभा अणुसंशोधन केंद्राने तारापूरला 540 मेगावॅट भट्टीच्या कवचाची एक-चतुर्थांश प्रतिकृती बांधली, ती दाबाने ताणून पाहिली, आणि देशोदेशीच्या अभ्यासकांना आपापल्या संगणकी गणिताने तिचं वागणं सांगायला बोलावलं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर झालेलं हे काम कुठल्याही मोठ्या पुलाइतकं मोलाचं आहे.

कैगाचं दुसरं युनिट मार्च 2000 मध्ये आणि पहिलं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये व्यापारी वीज देऊ लागलं. ज्या पहिल्या युनिटचा घुमट सुटला होता, ते 13 मे 2016 ला पुन्हा सुरू होऊन 31 डिसेंबर 2018 पर्यंत सलग 962 दिवस चाललं. तेव्हा तो जागतिक विक्रम होता.

आता तिथे प्रत्येकी 700 मेगावॅटची पाचवी आणि सहावी भट्टी मंजूर आहे. बेळगाव, कोल्हापूर, पुण्याच्या स्थापत्य महाविद्यालयांनी 1994 चा हा घुमट आकृत्यांसह अभ्यासक्रमात घ्यावा, आणि त्याचं गणित मुलांकडून एकदा घन ठोकळ्यांनी आणि एकदा हाताने करून घ्यावं.