डेन्मार्कचा कॉप्स

बॅडमिंटन म्हटले की आपल्याला पुणे आठवावे हे वाजवीच आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या लष्करी छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला ‘पूना’ असेच म्हणत. पुढे तो विलायतेत गेला आणि तिथून डेन्मार्कात पोचला. हिवाळा लांब, बाहेर बर्फ. छपराखालचा हा खेळ त्या लोकांना मानवला. 1930 साली त्यांनी आपली संघटना काढली आणि 1939 साली टागे मॅडसनने ऑल इंग्लंड स्पर्धेतली पुरुष एकेरी जिंकली.

एर्लंड कॉप्सचा जन्म कोपनहेगनचा, 1937 सालचा. ऑल इंग्लंडची एकेरी त्याने प्रथम जिंकली 1958 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी. त्या काळी जागतिक अजिंक्यपदाची वेगळी स्पर्धा नव्हती, ती 1977 मध्ये सुरू झाली. तेव्हा लंडनला जो जिंकेल तोच जगाचा पहिला खेळाडू, असा हिशेब असे. कॉप्सने 1960 ते 1963 अशी लागोपाठ चार वर्षे हे पद राखले, पुढे 1965 आणि 1967 साली पुन्हा मिळवले. एकेरीत एकूण सात वेळा, आणि दुहेरीत आणखी चार.

आता यातली गंमत ऐका. 1960 आणि 1962 च्या अंतिम सामन्यात त्याच्यासमोर होता थायलंडचा चारोएन वट्टनासिन, 1963 मध्ये त्याच देशाचा चन्नारोंग. आणि कॉप्स काही काळ राहिला होता तो बँकॉकला! थाई खेळाडूंबरोबर तो तिथे सराव करी. हवा तापली की विरळ होते, पिसांचे फूल नेहमीपेक्षा जोरात पळते. थंड मुलखातल्या हाताला तो अंदाज चटकन येत नाही. शिवाय उकाड्यात दम टिकवायचा तो वेगळाच. प्रतिस्पर्ध्याच्या घरी जाऊन त्याची विद्या शिकणे याला माझ्या मते नुसत्या मनगटाच्या जोरापेक्षा मोठी हिंमत लागते. आणि हे सारे हौशी खेळाडूंच्या काळात! बक्षिसाची रक्कम नाही, पोटासाठी नोकरी करायची, उरलेल्या वेळात रॅकेट धरायची. आपल्या सांगलीचे नंदू नाटेकर याच पिढीतले. 1956 साली त्यांनी मलायात विजेतेपद मिळवले, तेही अशाच हौसेवर.

एक गोष्ट मात्र कॉप्सच्या हाती लागली नाही. ती म्हणजे थॉमस चषक, देशादेशांच्या संघांची स्पर्धा. 1949 च्या पहिल्याच अंतिम सामन्यात मलायाने डेन्मार्कला 8-1 असे हरवले होते. 1964 साली टोकियोला डेन्मार्क पुन्हा अंतिम सामन्यात आला. नऊ लढती, समोर इंडोनेशिया. चार डेन्मार्कने जिंकल्या, पाच इंडोनेशियाने. एका लढतीने चषक गेला! एकट्याच्या जोरावर लंडन जिंकता येते. संघाला मात्र साऱ्यांचेच हात लागतात.

1968 पासून इंडोनेशियाच्या रूडी हार्टोनोचे युग आले. त्याने एकेरीची आठ पदे मिळवून कॉप्सचा सातांचा आकडा मागे टाकला. कॉप्स मात्र दुहेरीत टिकून राहिला आणि हेनिंग बोर्खच्या जोडीने 1969 सालापर्यंत जिंकत राहिला.

डेन्मार्कला थॉमस चषक मिळाला तो 2016 च्या मे महिन्यात, चीनमधल्या कुन्शान गावी. हरवले तेही इंडोनेशियालाच, 3-2 असे. कॉप्स तेव्हा एकोणऐंशी वर्षांचा होता. पुढच्या फेब्रुवारीत तो वारला.