मुदतीच्या तक्त्यातला तिसरा रकाना
प्रस्तावना

दिवाणी दाव्याचे कागद समोर आले की वकील आधी तारखा बघतो. हक्क कुणाचा, हे नंतर. पक्षकाराला हे खुसपट वाटते. पण मुदत कायद्याचे कलम ३ असे की, प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी मुदतबाह्य दावा न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे. एवढा कडक कायदा माणसाच्या अडचणी कुठे आणि कशा ऐकून घेतो, हे पाहणे हा या अभ्यासाचा गाभा आहे.

पिंपळवंडी, ओतूर, नारायणगाव या भागात जमीन गावाला आणि भावंडांपैकी कुणीतरी मुंबईला, ही घरोघरची गोष्ट. मुंबईतली बहीण एक दिवस सातबारा काढते, तर त्यावर तिचे नावच नाही. फेरफार वीस वर्षांपूर्वीचा. ‘बारा वर्षं उलटली, आता काही होत नाही,’ असे सांगणारे लगेच भेटतात. १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुसूचीत तीन रकाने आहेत: दाव्याचा प्रकार, मुदत, आणि ती कधीपासून मोजायची. लोक मधला रकाना पाठ करतात. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलेल्याला हिस्सा मागण्यासाठी अनुच्छेद ११० बारा वर्षे देतो, पण ती मोजायची वगळल्याचे त्याला कळले तेव्हापासून. कधी कळले, यावरच मग साक्षीपुरावा रंगतो.

मुदत कमी ठेवली की गरिबाचे भले होते, हा समज आपल्याच पुणे जिल्ह्यात खोटा ठरला. १८५९ च्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावरच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू असा की व्याज साचू नये. सावकाराने दर तीन वर्षांनी खत नवे करून घ्यायला सुरुवात केली. समजा, शंभर रुपये दरमहा शेकडा दोन रुपयांनी घेतले. तीन वर्षांनी बाकी १७२; तीच नव्या खतात मुद्दल. सहा वर्षांनी सुमारे २९६, नऊ वर्षांनी ५०९. खत बदलले नसते तर सरळ व्याजाने ३१६ झाले असते. १८७५ मध्ये सुप्यापासून दंगे पेटले, तेव्हा रयतेने आधी सावकारांची खते आणि वह्या जाळल्या. चौकशी आयोगापुढे खत बदलण्याची ही तक्रार आलीच. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्यावरच्या पैशाच्या दाव्यांची मुदत उलट वाढवली: नोंदणीकृत दस्तावर बारा वर्षे, एरवी सहा.

आजच्या कायद्यातल्या सवलती मोजक्या आहेत. अज्ञानाच्या पालकाने त्याची जमीन विकली, तर व्यवहार रद्द करून घ्यायला मुलाला सज्ञान झाल्यापासून तीन वर्षे मिळतात. ‘कर्जाचे कागद आहेत’ म्हणून हक्कसोडपत्रावर सही घेतली असेल, तर कलम १७ नुसार फसवणूक उघडकीस येईपर्यंत, किंवा नेटाने चौकशी केली असती तर ती कळली असती तोवर, मुदत सुरू होत नाही. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे गेलेला काळ कलम १४ वजा करते. देणेकऱ्याने मुदतीच्या आत लेखी कबुली सही करून दिली की कलम १८ प्रमाणे मुदत नव्याने मोजतात. मात्र विलंब माफीचे कलम ५ अपिलांना आणि अर्जांना आहे. मूळ दाव्याला नाही. अमेरिकेत न्यायाधीश समन्यायाचा आधार घेऊन मुदत थांबवू शकतात. आपल्याकडे दाव्याच्या बाबतीत कायद्यातलेच कलम दाखवावे लागते. कोविडमध्ये १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला, तो अपवाद म्हणूनच.

मुदती सगळ्या एका कायद्यात नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. बांधावरचा वहिवाटीचा रस्ता अडवला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांतच दावा घालावा लागतो. गावकीत समेटाच्या बैठका होतात आणि तेवढ्यात सहा महिने निघून जातात.

या विषयात नव्याने येणाऱ्याने कलमे पाठ करत बसू नये. घरातले एखादे खरेदीखत किंवा उसनवारीची पावती घ्यावी, अनुच्छेद शोधावा, पहिली तारीख ठरवावी, वजा होणारे दिवस काढावेत. पहिल्या तारखेवरच मतभेद होतील. त्यातल्या दोन्ही बाजू मांडता आल्या की पुढची वाट सोपी आहे.