राखीव गडी

इतिहासाच्या पेपरात मला ‘कारणे द्या’ हा प्रश्न फार आवडायचा. ‘थोडक्यात टिपा लिहा’ आला की मात्र माझी पंचाईत व्हायची, कारण थोडक्यात आटपणं मला कधीच जमलं नाही. बाईंना हे आठवत असेल. स्मरणिकेसाठी ‘तू इतिहासावर लिही’ असा ग्रूपवर हुकूम आला, तेव्हा बहुतेकांना वाटलं असणार की ही आता शाळेचा नाहीतर गावाचा इतिहास लिहिणार. मी लिहिणार आहे अमेरिकन फुटबॉलमधल्या राखीव लाइनबॅकरवर. हसू नका. हा विषय शेवटी आपल्याच मैदानावर येऊन थांबतो आणि तिथे मला एक चूक कबूल करायची आहे.

२००३ साली कंपनीने मला बोस्टनजवळ पाठवलं आणि काही महिन्यांतच क्लायंटने प्रोजेक्ट थांबवलं. आमच्या धंद्यात याला ‘बेंचवर असणं’ म्हणतात. पगार चालू, काम नाही. रोज ऑफिसात जायचं, कोणी विचारलं तर ‘शिकतेय’ म्हणायचं आणि मनात धास्ती, की परतीचं तिकीट कधी हातात पडतंय. त्याच काळात, १ फेब्रुवारी २००४ला, ऑफिसमधल्या एकाच्या घरी सगळे सुपर बोल बघायला जमलो. इथला न्यू इंग्लंड पेट्रियट्स हा संघ कॅरोलायना पँथर्सविरुद्ध खेळत होता. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेवटची तीनेक मिनिटं उरली असताना पेट्रियट्सच्या एका खेळाडूने एका यार्डाचा पास झेलून टचडाऊन केला आणि घर डोक्यावर घेतलं गेलं. यजमान म्हणाला, “हा मुळात बचावातला माणूस आहे. लाइनबॅकर.” मी विचारलं, “मग तो आक्रमणात काय करतोय?” उत्तर द्यायला त्याला अर्धा तास लागला. मला पुढची वीस वर्षं लागली.

आधी लाइनबॅकर म्हणजे कोण ते सांगते. या खेळात दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा जण मैदानात असतात. बचावात पुढच्या फळीत धिप्पाड माणसं, अगदी मागे चपळ धावणारी, आणि या दोन्हींच्या मधोमध लाइनबॅकर. चेंडू घेऊन कोणी घुसतोय की लांब पास येतोय, हे क्षणात ओळखून त्याला पुढे भिडावं लागतं किंवा मागे पळावं लागतं. म्हणून त्याच्या अंगात ताकद आणि वेग दोन्ही लागतात. त्याच्या राखीव माणसाचं मोल इथूनच सुरू होतं.

आता कारणे द्या. पूर्वी या खेळात बदली खेळाडूंवर कडक बंधनं होती. त्यामुळे तेच अकरा जण आक्रमणही करायचे आणि बचावही. दुसऱ्या महायुद्धात तरुण मुलं सैन्यात गेली, संघांना माणसं पुरेनात, म्हणून १९४३मध्ये व्यावसायिक लीगने हवे तितके बदल करायची मुभा दिली. युद्धानंतर ती काही काळ आवळली आणि १९५०पासून कायमची दिली. परिणाम असा झाला, की आक्रमणाचा संघ वेगळा, बचावाचा वेगळा, आणि किक मारताना व अडवताना उतरणारा तिसराच. जो तो आपापल्या एकाच कामात पारंगत झाला. पण एकच काम येणारा माणूस पडला, की त्याच्या जागी उभं कोण राहणार, हा प्रश्नही तेव्हाच जन्माला आला.

त्याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर म्हणजे चक बेडनारिक. हा पेनसिल्व्हेनियातल्या स्लोव्हाक स्थलांतरितांचा मुलगा. युद्धात बॉम्बफेकी विमानावर तोफची होता, तीस मोहिमा करून जिवंत परतला. १९६०मध्ये पस्तिशीचा बेडनारिक फिलाडेल्फिया ईगल्सकडून आक्रमणात सेंटर म्हणून खेळत होता. मोसमाच्या मध्यावर संघाचा लाइनबॅकर बॉब पेलेग्रिनी जखमी झाला. बेडनारिक पूर्वी ती जागा खेळलेला होता, म्हणून त्याला तिथेही उभं केलं. सेंटरचं काम सुटलं नाहीच. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात, २६ डिसेंबरला, साठपैकी सुमारे अठ्ठावन्न मिनिटं तो मैदानात होता. समोर विन्स लोम्बार्डींचा ग्रीन बे पॅकर्स होता. अखेरच्या क्षणी जिम टेलर चेंडू घेऊन गोलरेषेकडे निघाला, तेव्हा त्याला बेडनारिकनेच पाडलं आणि वेळ संपेपर्यंत उठू दिलं नाही. ईगल्स १७-१३ने जिंकले.

या खेळाचं मी नुसतं कौतुक करणार नाही. राखीव माणसांची एवढी गरज पडते, कारण इथे माणसं मोडतात. त्याच मोसमात बेडनारिकच्या एका धडकेने फ्रँक गिफर्ड बेशुद्ध पडला आणि १९६१चा पूर्ण मोसम बाहेर राहिला. गिफर्डच्या मृत्यूनंतर त्याच्या मेंदूला वारंवारच्या आघातांमुळे होणारा आजार असल्याचं कुटुंबीयांनी जाहीर केलं. राखीव गड्याची संधी बहुतेकदा दुसऱ्याच्या दुखापतीतून येते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

आता माझ्या त्या टीव्हीवरच्या माणसाकडे येते. त्याचं नाव माइक व्रेबल. १९९७च्या निवडीत त्याचा क्रमांक ९१वा होता. पिट्सबर्गकडे तो चार मोसम होता आणि बहुतेक काळ राखीव म्हणूनच. कॉलेजात तो पुढच्या फळीत खेळायचा, व्यावसायिक संघात येऊन लाइनबॅकर झाला. २००१मध्ये पेट्रियट्सनी त्याला घेतलं. आदल्या मोसमात त्यांनी सोळापैकी अकरा सामने गमावले होते. व्रेबल तिथे नियमित खेळू लागला आणि त्याच मोसमाच्या सुपर बोलमध्ये त्याने प्रतिस्पर्ध्याच्या पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर झडप घातली. चेंडू भरकटला, टाय लॉने तो पळवून टचडाऊन केला. ज्यांना कोणी खिजगणतीत धरलं नव्हतं, ते पेट्रियट्स २०-१७ने जिंकले. मी पाहिलेल्या २००४च्या सामन्यात त्याने आधी पँथर्सच्या क्वार्टरबॅकला दोनदा पाडलं होतं आणि मग तो पास झेलला. संपूर्ण कारकिर्दीत त्याने मोजून बारा पास झेलले आणि बाराही टचडाऊन ठरले.

यातला हिशेब समजून घ्यायला हवा. आज लीगमध्ये मोसमासाठी ५३ जणांचा संघ असतो. त्यातल्या शेवटच्या जागा भरताना प्रशिक्षक विचारतो, “पहिल्या अकरात नसशील तेव्हा तू काय करशील?” राखीव क्वार्टरबॅकला सहसा वाट बघण्यापलीकडे काम नसतं. राखीव लाइनबॅकर मात्र किकच्या वेळी धावतो, अडवतो, पाडतो, कारण त्याची अंगकाठी या कामाला चपखल बसते. दोन-तीन जागांचे डावपेच त्याला पाठ असावे लागतात. म्हणजे तो बाकावर बसून गंजत नाही. दर सामन्यात थोडा थोडा खेळून तयार राहतो.

आमच्या कामातही हेच आहे. बॅकअप घेतलाय एवढ्यावर कुणी निर्धास्त राहू नये. तो परत चालवून पाहिला होता का, हा खरा प्रश्न. मी बेंचवर होते तेव्हा, उद्योग नाही म्हणून, शेजारच्या टीमची टेस्टिंगची कामं उचलायला लागले. पुढे मला ठेवून घेतलं ते त्या कामामुळे.

आता कबुली. १९९४च्या तालुका खो-खो स्पर्धेचा वृत्तांत शाळेच्या हस्तलिखितात मी लिहिला होता. मथळा होता ‘नऊ रणरागिणी’, खाली नऊ नावं, त्यात माझंही. संघात आपण बारा जणी होतो. अंतिम सामन्यात आपल्या खांबाजवळच्या मुलीचा पाय मुरगळला आणि राखीवमधली एक आत गेली. तिने दोन गडी टिपले आणि आपण एका गुणाने जिंकलो. तीच मुलगी वर्षभर सकाळी लवकर येऊन फक्कीने रेषा आखायची. सरावात कधी पाटीत बसायची, कधी आपल्याला पळवायला समोरच्या संघात जायची. कुठेही बसव, तिला जमायचं. नऊ नावं मी सामन्याआधीच सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली होती आणि पान पुन्हा लिहायचा कंटाळा केला. इतिहास असाही चुकतो.

गेल्या महिन्यात मी तिला फोन केला. म्हटलं, “तीस वर्षं झाली गं, पण माफ कर. आता स्मरणिकेत तुझं नाव छापते.” ती म्हणाली, “नाव नको. ते हस्तलिखित शाळेत असेल ना अजून? त्यात लिही.”

मुख्याध्यापकांना विचारलं आहे. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ग्रंथालयाचं कपाट उघडून देतो म्हणाले. मी पेन घेऊन येणार आहे. त्या दिवशीच्या बाकीच्या दोन राखीव मुलींनीही तिथे यावं. मथळ्यातला ‘नऊ’ मी खोडणार आहे. तुमची नावं मात्र तुम्ही तुमच्या हाताने लिहा.