औषधाने जडणारा कंप आणि मेंदूतील डोपामिन

नागपूर : मनोविकारावरील औषध सुरू झाल्यानंतर काही रुग्णांचे हात थरथरू लागतात, मान एका बाजूला वळते किंवा ओठ व जीभ आपोआप हलत राहतात. आजार बळावला किंवा बाहेरची बाधा झाली, असे समजून नातेवाईक औषधच बंद करतात. नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात विदर्भभरातून रुग्ण येतात. त्यांच्या कुटुंबीयांनी या कंपामागील मेंदूचे रसायनशास्त्र समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

या शोधाचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबावरील सर्पगंधेचा उपयोग मांडला. या वनस्पतीतील रेसर्पिन हे द्रव्य पुढे मनोविकारांवरही दिले जाऊ लागले. मात्र काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे दिसली. रेसर्पिनमुळे मेंदूतील डोपामिनचे साठे रिते होतात, हे स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी १९५० च्या दशकात दाखवले. त्यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

हॅलोपेरिडॉलसारखी औषधे डोपामिनचे साठे रिकामे करीत नाहीत. ती 'डी-२' ग्राहक अडवून धरतात. साधारण ८० टक्क्यांहून अधिक ग्राहक अडले की हालचालींचे नियंत्रण बिघडते. डोपामिनचा अंकुश सुटून अॅसिटिलकोलिन वरचढ ठरते आणि ताठरपणा, कंप येतो. स्नायू आखडणे काही तासांत वा दिवसांत, तर कंप काही आठवड्यांत दिसतो. अनेक महिने ग्राहक अडलेले राहिल्यास ते अतिसंवेदनशील होतात, असे मानले जाते. त्यातून ओठ, जीभ व जबड्याची अनैच्छिक हालचाल उद्भवते. तिला 'टार्डिव्ह डिस्कायनेशिया' म्हणतात. औषध थांबवल्यावरही ती टिकू शकते.

हा धोका केवळ मनोविकारांच्या औषधांपुरता नाही. उलटीवरील मेटोक्लोप्रामाइडनेही, विशेषतः मुलांत व तरुणांत, मान वा डोळे अचानक वळू शकतात.

औषध एकाएकी बंद केल्यास मूळ आजार उलटू शकतो. त्यामुळे लक्षणे दिसताच डॉक्टरांना कळवावे. मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा ट्रायहेक्सीफेनिडिलची जोड देणे, असे मार्ग त्यांच्याकडे असतात. टार्डिव्ह प्रकारात मात्र ट्रायहेक्सीफेनिडिलने त्रास वाढू शकतो. तेथे टेट्राबेनाझिनसारखी औषधे उपयोगी पडतात. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या घेत राहणे म्हणूनच टाळावे.